उष्टा घाटा

घाटा उष्टा झाला की पातळ होतो, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिच्या पिठाचा लापशीसारखा घट्ट घाटा शिजवून वाढला, कोणी त्यातले चार घास खाऊन उरलेला तसाच ठेवून उठलं, की थोड्या वेळाने कडेला पाणी सुटायचं आणि मधला गोळा ढिला पडायचा. माय म्हणायची, "घाटा खोटं बोलत नही." झाकून ठेवलेल्या घाट्यात कोणी चोरून बोट घालून चाटलं तर तिला ते झाकण उचलताच कळायचं, आणि मी त्यापायी दोनदा पाठीत धपाटे खाल्ले आहेत. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, हे मी आज खात्रीने सांगू शकते. पण त्याच खऱ्या निरीक्षणापायी आमच्या घरातल्या एका बाईचा संसार मोडला, एक पोर गेलं, आणि त्यात माझाही हात होता. आता माझी पंचाहत्तरी उलटली. ज्या दोघींपायी मी गप्प राहिले त्या दोघीही आता नाहीत. म्हणून हे एकदाचं लिहून टाकते.

धरणगावात कापसाच्या जीनच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना दोघंही जीनमध्ये कामाला. हंगामात सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची घरघर दिवसभर चालायची, आणि हवेत उडणारा कापूस गल्लीतल्या प्रत्येक वस्तूवर बसायचा. वाळत घातलेल्या धोतरावर, पाण्याच्या माठावर, मायच्या केसांत. होळी झाली की जीन बंद पडायचा आणि गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटायची. मग बायकांची कामं निघत. दादर तीन दिवस भिजवून, कांडून, त्या आंबूस पिठाच्या पापडासारख्या बिबड्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, वाळत घालायच्या. तो आंबूस वास आजही कुठे आला तरी मला पहिल्यांदा शेवंताकाकीच आठवते, कारण बिबड्या थापायला तिच्याइतका हलका हात गल्लीत कुणाचा नव्हता.

शेवंताकाकी म्हणजे नानांची बायको. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या खेड्यातली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती मायला अक्का म्हणायची. माय तिला छळायची असं मी म्हणणार नाही. माय कडक होती, सगळ्यांशीच होती. पण काकी माहेराहून आली की तिच्या गाठोड्यात नागली, म्हणजे नाचणी, असायची, आणि माय नाक मुरडून म्हणायची, "आमना घरमा नागली कोन्ही खास नही." आमच्या लेखी ते डोंगरातल्या लोकांचं धान्य. काकी हसायची, तोंडावर पदर घेऊन, आणि गाठोडं कोपऱ्यात सरकवायची. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. शाळेत हुशार म्हणून नाव होतं आणि त्याचा मला गर्वही होता. काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि मी तिला शिकवायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. तिने मला काय शिकवलं ते मात्र मला कळलंच नाही.

माझ्या पाठची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोण नेणार, असा त्यामागचा हिशोब. दगडू दहा महिन्यांचा असताना मायला विषमज्वर झाला. ती वाचली, पण तिचं दूध आटलं. बकरीचं दूध दगडूला पचेना, जुलाब लागत. डाळीचं पाणी उलटून पडे. उरला घाटा. तो घट्ट असला की दगडू तोंडात धरून बसायचा. गिळायलाही ताकद लागते हे तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. पाणी घालून पातळ केला तर सहा चमच्यांत त्याचं पोट टम्म व्हायचं आणि घटकाभरात तो पुन्हा भुकेने रडायचा. पुढे पुढे त्याने रडणं सोडलं. पोर रडत नाही तेव्हा घाबरायचं असतं, हे मी नंतर सुईण म्हणून शेकडो बायकांना सांगितलं, पण त्या वेळी आम्हाला वाटलं, चला, जरा शांत झाला.

माय अंथरुणाला खिळलेली, म्हणून चूल काकीकडे आणि माझ्याकडे होती. एक दिवस काकीने तिची नागली भिजत घातली. रात्रभर भिजवून फडक्यात बांधली, दोन दिवसांनी तिला बारीक पांढरे मोड आले. ते तिने उन्हात वाळवले, हातावर चोळून मोड झाडून टाकले आणि जात्यावर दळून पीठ एका मडक्यात भरलं. मग दगडूसाठी दादरचा घाटा नेहमीसारखाच घट्ट शिजवला, पळी उभी राहील असा. तो निवू दिला. अधूनमधून त्यात करंगळी बुडवून पाहिली. करंगळीला सोसवला तेव्हा त्यात त्या पिठाचा एक चमचा घालून ढवळला आणि झाकून ठेवला. थोड्या वेळाने झाकण काढलं तर घाटा पातळ! थेंबभर पाणी न घालता, ताकासारखा वाहणारा. चव गोडसर. दगडूने सगळी वाटी घटाघटा पिऊन टाकली. मी विचारलं, हे कसं झालं? काकी म्हणाली, "कसं म्हंजे? असंच व्हस. आमनाकडे बठ्ठा पोरेसले असंच देतस." आणि मग हळूच, "अक्काले सांगू नको बरं. नागली शे म्हनीसन देऊ देवाव नही."

महिनाभर असं चाललं. दगडूची मान सावरली, मांडीला वळी पडू लागली, तो नानांच्या मिशा ओढून हसायलाही लागला. घरात त्या दिवसांत एक प्रकारचा हलकेपणा आला होता. त्या वर्षातले तेवढेच दिवस मला सुखाचे म्हणून आठवतात.

मग एका दुपारी माय पहिल्यांदाच अंथरुणातून उठली. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली. तिच्या समोर निवायला ठेवलेली दगडूच्या घाट्याची वाटी मी थोड्याच वेळापूर्वी आत नेली होती, आणि घाटा घट्ट आहे हे तिने पाहिलं होतं. काकी चुलीपाशी बसली होती, नुकतंच पाणी पिऊन पदराने तोंड पुसत होती. मायने वाटीवरचं झाकण उचललं आणि ती तशीच उभी राहिली.

"हाऊ घाटा उष्टा शे," ती म्हणाली. "मना पोऱ्यानी वाटीमा तू तोंड घाली राह्यनी?"

काकी पांढरीफटक पडली. "नही अक्का, सप्पथ. मी नागलीनं पीठ टाकं त्यामा. मोडनं पीठ."

"पीठ?" माय म्हणाली. "पीठ टाकं तं घाटा घट्ट व्हस, का पातळ व्हस?"

काकीने मडक्याकडे बोट दाखवलं. मी मध्ये पडले, म्हणाले, माय, काकी खरं सांगते, मी रोज बघते. पण मायने तोच प्रश्न मला विचारला, आणि शाळेतला पहिला नंबर असून मलाही उत्तर देता येईना. पीठ घातल्यावर पातळ होणारा घाटा आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता. उष्टा होऊन पातळ झालेला घाटा मात्र सगळ्यांनी पाहिला होता. आणि मूल नसलेल्या बाईने तान्ह्याचं उष्टं खाल्लं की तिची कूस उजवते आणि ते पोर झुरत जातं, ही समजूत आमच्या गल्लीत घरोघरी होती. मायने ती बोलूनही दाखवली. दोन पोरं गमावलेल्या बाईच्या तोंडून ती आली म्हणून मी तिला आज दोष देत नाही. पण त्या दिवशी काकीचा चेहरा मी पाहिला होता.

आबा उठून ओट्यावर जाऊन बसले. नाना जमिनीकडे बघत राहिले. आखाजी तोंडावर आली होती. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी जातातच, त्यामुळे काकीला पाठवलं तर गल्लीत कुणी विचारणार नव्हतं. एरवी काकी माहेरी जायच्या आधी आठ दिवस गुणगुणत असायची. या वेळी तिने गाठोडं बांधलं ते न बोलता. निघताना मडकं माझ्या हातात दिलं. "थोडं पीठ उरनं शे. घाटा पहिले निवू दे. बोट बुडाडीसन देख, सोसनं तं मंग टाकजो. इसरू नको, दगडूले दोन येळा देजो." तिने एवढंच सांगितलं. पीठ भाजू नको असं तिने सांगितलं नाही. का सांगावं? तिच्या गावात ते कुणी भाजतच नव्हतं.

आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या कडुलिंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. आमच्याकडेही केलं होतं, पण कुणाला गिळवलं नाही. मी मायपाशी गेले आणि म्हणाले, मी तुला करून दाखवते. तुझ्या डोळ्यांदेखत पीठ घालते. पातळ झाला तर? मायने दगडूला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "दखाड मंग. खरं निंघनं तं उद्याच तुना आबाले धाडसू तिले लेवाले." माय दिलेला शब्द मोडणारी नव्हती. काकीचं घर त्या एका वाटीवर येऊन ठेपलं होतं, आणि हे मला चांगलं कळत होतं.

मी घाटा शिजवला. निवायला ठेवला. मडकं उघडलं तेव्हा माय म्हणाली, "कच्चं काही मना पोऱ्याले देऊ नको. भाजी ले पहिले." आमच्याकडे लेकराला भाजल्याशिवाय काहीच देत नसत. रवा भाजून, डाळ भाजून, ओवा भाजून. कच्चं बाधतं, भाजलेलं पचतं, ही आमची सगळ्यात मोठी काळजी आणि सगळ्यात मोठी अक्कल. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट वाटलं, बरंच झालं, मायला नावं ठेवायला जागा नको. मायने चमचाभर भाजायला सांगितलं होतं. मी हौसेने सगळं मडकं तव्यावर पालथं केलं, म्हणजे रोज रोज भाजायला नको. मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत, गुलाबीसर होईपर्यंत ढवळत बसले. इतका जीव लावून मी आयुष्यात दुसरं काही भाजलं नसेल.

मग करंगळी बुडवून पाहिली. सोसवलं. चमचाभर पीठ घातलं, ढवळलं, झाकलं. आम्ही दोघी मायलेकी त्या वाटीपुढे बसून राहिलो. बाहेर झोक्यावरची गाणी चालली होती. मायने झाकण काढलं. घाटा होता तसाच होता. किंवा जरा जास्तच घट्ट. मी आणखी चमचा घातला, आणखी थांबलो. पळी त्यात उभी राहिली.

"देखं ना?" माय म्हणाली. आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं, नुसता थकवा होता.

मला काकीचा राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मला वाटलं, हिने मला फसवलं, माझ्या पाठीमागे खरंच वाटीला तोंड लावत होती, आणि मी वेड्यासारखी हिच्यासाठी भांडले. त्या क्षणापासून मी तिच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. काकीला आणायला कुणी गेलं नाही. दगडूचा घाटा आम्ही पुन्हा पाणी घालून पातळ करू लागलो. आबा त्याला वैद्याकडे घेऊन गेले, जळगावच्या डॉक्टरलाही दाखवलं, बाटलीतलं औषध आणलं. मांडीवरची वळी गेली. मान पुन्हा लटकू लागली. मृगाच्या आधीच, ढग नुसते येऊन जात होते त्या दिवसांत, एका सकाळी तो मायच्या मांडीवर गेला. माय रडली नाही. म्हणाली, "लई गई ती." मग वर्षानुवर्षं हेच म्हणत राहिली. पुढल्या वर्षी नानांनी दुसरं लग्न केलं.

मी सातवी पास झाले, घरी बसले, स्थळं आली आणि मोडली, आणि शेवटी आबांनी मला धुळ्याला नर्सिंग शिकायला पाठवलं. तिथे एक डॉक्टरीणबाई आम्हाला शरीरशास्त्र शिकवत. एक दिवस त्यांनी तीन काचनळ्यांत पातळ खळ घेतली. आमच्यातल्या एकीला चूळ भरून थुंकी गोळा करायला लावली. मुली तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. पहिल्या नळीत काही घातलं नाही. दुसरीत थुंकी घातली. तिसरीतही थुंकीच, पण आधी दिव्यावर उकळून गार केलेली. जरा वेळाने तिन्हींत आयोडीनचा थेंब टाकला. पहिली नळी काळीनिळी झाली, म्हणजे खळ जशीच्या तशी. दुसरी पिवळटच राहिली, म्हणजे खळ उरलीच नव्हती, तिची साखर झाली होती. तिसरी पुन्हा काळीनिळी.

बाईंनी समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं. धान्याचं पीठ म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ती आपोआप तुटायची म्हटलं तर वर्षं लागतील. पण जिवंत पेशीत एक पदार्थ तयार होतो, तो माळेची एकेक गाठ सोडतो, सोडून मोकळा होतो आणि पुढच्या गाठीला लागतो. स्वतः खर्च होत नाही. म्हणून त्याचा कणभर वाटीभराला पुरतो, आणि वर्षांचं काम घटकेत होतं. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत अशी असंख्य कामं चालतात, आणि प्रत्येक कामाला वेगळा पदार्थ, ज्याचं काम त्यानेच करायचं. हे पदार्थ नसते तर पोटातला घास पोटातच राहिला असता आणि आपण भरल्या पोटी मेलो असतो. बाई त्याला एन्झाइम म्हणत. आता मराठी पुस्तकांत विकर म्हणतात. "थुंकीत असतो तसाच तो मोड आलेल्या धान्यातही असतो," बाई म्हणाल्या, "कोंबाला दाण्यातलं पीठ खायचं असतं ना. पण एक लक्षात ठेवा. तो कढत आचेला टिकत नाही. अंडं शिजल्यावर जसं पुन्हा कच्चं होत नाही, तसा तो एकदा भाजला की संपला."

मी तास अर्धा टाकून बाहेर व्हरांड्यात गेले. बाईंना वाटलं, थुंकी बघून मला शिसारी आली.

पहिल्या सुट्टीत मी घरी गेले नाही, साक्रीच्या मोटारीत बसले. उतरून दीड कोस चालले. काकी भावाच्या घरी होती. अंगणात सुपात नागली पाखडत बसली होती. एवढ्यातच केस पिकायला लागले होते. माझ्याकडे बघून आधी ओळखेना, मग तोंडावर पदर घेऊन हसली, तशीच. मी काही प्रस्तावना केली नाही. म्हणाले, काकी, ते पीठ मी भाजलं होतं. सगळं. आणि मग मायला दाखवलं.

सूप थांबलं. तिने विचारलं, "कोनी सांगं भाजाले?"

"मीच. मी आपल्या मनाने."

"खोटं नको बोलू. तुनी माय बठ्ठं भाजीसनच देस." ती पुन्हा पाखडू लागली. मग म्हणाली, "म्हंजे पोरगं मना पिठनाबिगर गयं." तिला वाटत होतं, मडकं संपेपर्यंत तरी दगडूने पोटभर खाल्लं असेल. इतकी वर्षं तिने तेवढ्याचाच आधार धरला होता, आणि मी तोही काढून घेतला.

मी म्हणाले, मी उद्याच जाऊन मायला सांगते, गल्लीत सगळ्यांना सांगते. काकीने मान हलवली. "काय करशी सांगीसन? तुना नाना मनाकडे येवाव नही. आनि तुनी मायले कळनं, का तिनाच शब्दनी पोरगं गयं, तं ती जगी का?" मग सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "माले सवय व्हई गई, इंदू. तिले व्हवाव नही."

मी तिचं ऐकलं. तिच्या मोठेपणाखाली माझा भित्रेपणा छान झाकला गेला, हे मला तेव्हाही कळत होतं. निघताना तिने मला एक पुरचुंडी दिली, मोडाच्या पिठाची. पुढे दरवर्षी मी जात राहिले आणि ती देत राहिली. ते पीठ मी कितीतरी घरांत नेलं, कितीतरी वाळल्या पोरांना त्यावर उभं केलं. कुणाला भाजू दिलं नाही, आणि का ते सांगताना दगडूचं नाव कधी घेतलं नाही.

मायच्या शेवटच्या दुखण्यात तिचंही गिळणं बंद झालं. मी तिलाही त्याच पिठाचा पातळ घाटा द्यायचे. एके दिवशी घाटा घट्टच शिजवून आणला, तिच्या समोर निवायला ठेवला, तिचा डोळा लागल्यावर त्यात चमचाभर पीठ ढवळलं. ती जागी झाली, मी वाटी पुढे केली. तिने वाटीत पाहिलं. नजर अधू झाली होती, पण घाट्याच्या बाबतीत ती कधी चुकली नव्हती.

"इंदू," ती म्हणाली, "कोनी तोंड लायं यामा?"

सांगायचं असेल तर हीच वेळ होती. पीठ काकीच्या सुपातून आलेलं होतं, आणि काकी तेव्हा जिवंत होती.

"मी, माय," मी म्हणाले. "मी चाखला."

"तू ना? मंग दे," माय म्हणाली, आणि तिने सगळी वाटी पिऊन टाकली.